अल्कलाइन पाण्याचं मशीन, १५ दिवस ट्रायल: डेमो पाच स्टार, मशीन दोन, दावे शून्य

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, आधीच सांगते. एकतर माझं डिपॉझिट अजून पूर्ण परत आलेलं नाही, आणि दुसरं म्हणजे हाच डेमो वेगवेगळ्या कंपन्यांची पोरं जवळपास त्याच वाक्यांसकट करत फिरतात. आमच्याच सोसायटीत दोन कंपन्यांचे झालेत, फक्त टायचा रंग वेगळा. त्यामुळे तुमच्याकडे कोणी ट्रॉली बॅग घेऊन आला तर हा रिव्ह्यू त्यालाही लागू पडेल.

आम्ही धायरीत राहतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेडगाव, किरकटवाडी आणि आमच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट सापडायला लागले ते सगळ्यांना आठवत असेलच, आणि काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू निघाला, दूषित पाण्यातून पोटात जाऊ शकतो असा. तेव्हापासून इकडे पाण्याचा विषय निघाला की माणसं जरा गप्पच होतात. त्यात उन्हाळ्यात आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी आणि टँकर एकाच टाकीत पडतं. म्हणजे घाबरायला आम्ही तयारच बसलेलो होतो, हे कबूल.

मशीन म्हणजे अल्कलाइन आयोनायझर (वीज सोडून पाणी अल्कधर्मी करणारं), सोबत आरओ, दोन्हीचा कॉम्बो १ लाख ६५ हजार. पाच हजार डिपॉझिट भरलं की १५ दिवस घरी लावून देतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी घेतलं होतं आणि त्यांचे गुडघे थांबलेत (दुखायचे थांबलेत, गुडघे चालूच आहेत) म्हणून आमच्या ह्यांनी डेमो बोलावला. मे महिना, दुपारचे बारा, मुलगा पंचवीस-सव्वीसचा, टाय लावून आलेला. आईंनी (माझ्या सासूबाई) आधी त्याला पन्हं दिलं, मग बस म्हणाल्या. हे सांगायचं कारण म्हणजे आई रिटायर्ड आरोग्यसेविका आहेत, वेल्हे-भोरकडच्या गावांत एकोणतीस वर्षं काढलीत. त्या बिचाऱ्याला हे माहीत नव्हतं.

पहिला आयटम ते दांड्यांचं यंत्र. तुम्ही बघितलंच असेल, एका ग्लासात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांचं आरओचं, दोन्हीत लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या दांड्या सोडतात आणि बटण दाबतात. अर्ध्या मिनिटात आपलं पाणी हिरवट, मग गंजाच्या रंगाचं, वर मळीसारखे तवंग, गटार बघवत नाही तसं. त्यांचं पाणी आहे तसंच. माझा दहावीतला मुलगा "ईऽऽ" करून उठला, ह्यांनी तर खिशातून पेनच काढलं. डेमोवाला मुलगा म्हणाला, सर, हे सगळं तुम्ही रोज पिताय.

आता गंमत अशी की ह्यात फसवाफसवी काहीच नाहीये. पाणी खरंच काळं-तपकिरी झालं, आमच्या डोळ्यांसमोर. फक्त ती घाण पाण्यात नव्हती, दांडीतून आली. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची दांडी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षारच जवळपास नाहीत, मग वीज वाहणार कुठून आणि गंजणार काय. हे मला आधीपासून माहीत होतं असं मुळीच नाही, मी बारावी सायन्स असून गप बसले होते. "ईऽऽ" करणाऱ्यानेच विचारलं, दादा, तुमच्या पाण्यात मीठ टाकून बघू का? इलेक्ट्रोलिसिस त्यांना नुकतंच झालेलं. पोरगा नाही म्हणू शकला नाही. चिमूटभर मीठ टाकलं, आपण आमटीत टाकतो तेच, आणि त्यांचं "शुद्ध" पाणी आमच्यापेक्षा जास्त घाण झालं. मग प्रश्न एवढाच उरतो, की मिठात गटार होतं का?

हे लिहितानाच वाटतंय की ह्या सगळ्या डेमोची मेख तिथेच आहे. दिसतं ते खरं असतं. त्याच्यावर जे वाक्य चिकटवतात ते त्यातून निघत नाही. शाळेत धूर तिथे अग्नी शिकवतात ना, इथे धूर खराच, पण चूल त्यांनी स्वतःच आणलेली.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, त्याच्या मीटरवर फार लिहीत नाही, आता घरोघरी आहे. आमचं पाणी त्या दिवशी ३१२ आलं, टँकर जास्त होता. डेमोवाला म्हणाला डेंजर. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५००, टीडीएसला ५०० पर्यंत सरळ चालतं म्हणलंय आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत. २०१९ मध्ये हरित लवादानेही ५०० च्या खाली जिथे टीडीएस आहे तिथे आरओ नको अशीच भूमिका घेतली होती, कारण आरओ चालताना बरंच पाणी मोरीत जातं. आणि मीटर मोजतो काय तर पाण्यातून वीज किती वाहते ते, त्यावरून क्षारांचा अंदाज. जंतू त्याला दिसतच नाहीत. ज्या कॅम्पिलोबॅक्टरच्या भीतीने आम्ही ह्या मुलाला घरात घेतलं तो पाण्यात असता तरी मीटरचा आकडा जागचा हलला नसता. नंतर मी शहाळ्याच्या पाण्यात मीटर घातला, चार आकडी आला. ह्या डेमोवाल्यांच्या हिशोबाने नारळवाल्याला अटकच व्हायला पाहिजे.

ह्यापुढे जे झालं त्यासाठी खरं तर मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

डेमोवाल्या मुलाने बॅगेतून एक छोटी बाटली काढली, ड्रॉपरवाली. नळाच्या पाण्यात तीन थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. मशीनच्या पाण्यात टाकले, काही नाही, स्वच्छ. मग त्याने आवाज जरा खाली आणला आणि म्हणाला, मॅडम, हा पिवळा रंग म्हणजे क्लोरीन, हे केमिकल आहे, स्विमिंग पूलमध्ये टाकतात, तुमची कॉर्पोरेशन तुम्हाला हे रोज पाजतेय. आई तोपर्यंत कैरीच्या फोडी करत बसल्या होत्या. सुरी खाली ठेवली आणि विचारलं, ही ओटी आहे का रे? तो म्हणाला, आजी, हे क्लोरीन टेस्टचं लिक्विड आहे. आई म्हणाल्या, ओटीच आहे. बाळा, हा पिवळा रंग दिसावा म्हणून मी एकोणतीस वर्षं डोंगर चढले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावाकडे विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतात, ब्लीचिंग, आणि जलसुरक्षकाने शेवटच्या घरच्या नळावर ओटी टेस्ट घ्यायची असते, ऑर्थोटोलिडिनचे थेंब. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन अजून शिल्लक आहे, म्हणजे वाटेत कुठे पाइप फुटून काही आत शिरलं तरी मारायला कोणीतरी आहे. मानकातसुद्धा कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर शिल्लक हवं असं आहे, कमीत कमी. पिवळं झालं नाही तर आईंचा दिवस खराब. मग पावडर कधीची आहे, टाकली का नुसती वहीत लिहिली, सरपंचाला फोन, पावसाळ्यात तर गॅस्ट्रोची साथ येईल म्हणून रात्रीची झोप नाही. पाण्याच्या स्रोताचा सर्व्हे करून गावाला लाल, पिवळं, हिरवं कार्ड द्यायचे, त्यातली लाल कार्डाची गावं त्यांना अजून नावानिशी पाठ आहेत.

म्हणजे बघा, बाटली तीच, थेंब तेच, रंगही तोच पिवळा. एकीसाठी तो पाणी सुरक्षित असल्याचा पुरावा आणि ह्याच्यासाठी विष असल्याचा. आणि जीबीएसच्या वेळी आमच्या भागात बोंब कशाची होती, तर पाण्यात पुरेसं क्लोरीन नसल्याची! मशीनच्या आत कार्बनचा फिल्टर असतो तो क्लोरीन काढून टाकतो, ते त्याने खरं दाखवलं. वास जातो, चव सुधारते, हेही खरं. पण ते पाणी बाटलीत भरून दिवसभर ठेवलं तर त्याला राखण कोणी नाही, हे कोण सांगणार? आईंनी सांगितलं. पोराने ऐकून घेतलं, हे त्याचं कौतुक, वाद घातला नाही. फक्त "कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये असंच शिकवलंय" म्हणाला.

मग पीएचचे थेंब, पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते रंगावरून दाखवणारे. नळाचं पाणी हिरवं, आरओचं पिवळसर, मशीनचं जांभळं, दिसायला फार सुंदर, रंगपंचमीच. इथे तो म्हणाला आरओचं पाणी डेड वॉटर असतं, ॲसिडिक, त्यात मिनरल्स नसतात. मी म्हणलं, अरे पण मिनरल्स तर तू पंधरा मिनिटांपूर्वी घाण म्हणून काढलेस. ती बॅड मिनरल्स होती मॅडम. मग मीटरला गुड-बॅड कळतं का? ह्यावर तो हसला. तर कॉम्बो असा आहे: आधी आरओ सगळे क्षार काढतो, पण क्षार नसले तर आयोनायझर चालतच नाही, त्याच्या प्लेटांनाही वीज वाहायला क्षार लागतात, म्हणून मधे एक मिनरल कार्ट्रिज बसवतात जे पुन्हा क्षार घालतं. काढायचे पैसे वेगळे, घालायचे वेगळे, आणि कार्ट्रिज दर सहा महिन्यांनी बदलायचं.

जांभळा रंग मी नंतर घरी पापडखाराने आणला, चिमूटभर, त्याच थेंबांत (बाटली तो विसरून गेला होता, परत दिली नंतर). बेटाडिनचं पण दाखवतात, तपकिरी पाण्यात मशीनचं पाणी ओतलं की रंग गायब, म्हणे शरीरातली ॲसिडिटी आणि टॉक्सिन अशीच जातात. लिंबू पिळा त्यात, तसंच गायब होतं, क व्हिटॅमिनने. आता लिंबू तर ॲसिड! म्हणजे ॲसिडनेही ॲसिडिटी जाते असं म्हणायचं का. बरं, प्यायलेलं पाणी काही पोटात तसंच राहत नाही, जठराचा पीएच एक-दोन-तीनच्या घरात, आणि रक्ताचा ७.३५ ते ७.४५, तो फुप्फुसं आणि किडन्या मिळून सांभाळतात, तुम्ही नारळपाणी प्या नाहीतर ताक.

शेवटी फाइल. लॅमिनेट केलेली, जाडजूड. त्यात एका पानावर नोबेलचं पदक आणि खाली लिहिलेलं की १९३१ चं नोबेल मिळालेल्या ओटो वारबर्ग यांनी सिद्ध केलंय की अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगू शकत नाही. नोबेल खरंच मिळालंय, १९३१ लाच, पण ते पेशींच्या श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामाला. कॅन्सरच्या पेशी साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड करतात हे त्यांनी दाखवलेलं आहे, पण म्हणजे गाठ ॲसिड बनवते, ॲसिडने गाठ बनते असं नाही. कंपनीवाल्यांनी गाडं उलटं जुंपलं आणि वर नोबेलचा शिक्का मारला. २०१६ मध्ये बीएमजे ओपन ह्या जर्नलमध्ये ह्या विषयावरचं सगळं संशोधन चाळलेलं छापून आलंय, आठ हजारांवर नोंदी बघितल्या आणि निकषात बसणारा अभ्यास निघाला एक, त्यातही काही संबंध दिसला नाही. जपानमध्ये मेडिकल डिव्हाइस म्हणून मान्यता आहे असंही फाइलमध्ये होतं, आणि हे बरोबर आहे, आहे मान्यता, पण पोटाच्या किरकोळ तक्रारींसाठी. तिथून शुगर, बीपी, कॅन्सरपर्यंत उडी ह्यांची स्वतःची. आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट होतं, ते कारखान्याची कामाची पद्धत नीट आहे एवढंच सांगतं, गुडघ्यांबद्दल काही नाही. आणि एक लॅब रिपोर्ट, त्यात खाली बारीक अक्षरात "नमुना पार्टीने आणून दिला". पार्टी कुठलं पाणी आणून देते ते पार्टीला माहीत.

बाकी फाइल म्हणजे लोकांचे फोटो. साखर २४० वरून १३०, अमुक किलो वजन कमी. खोटे असतील असं मी म्हणत नाही. पण नवसाच्या देवळात घंटा बांधलेल्या दिसतात त्या नवस फळलेल्यांच्याच, ज्यांचा फळला नाही ते घंटा घेऊन येतच नाहीत. किती जणांनी हे पाणी पिऊन काहीच झालं नाही ते पान फाइलमध्ये कुठाय, विचारलं तर म्हणाला असं कोणी नाहीच मॅडम. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी लिफ्टमध्ये गाठलं. मशीन मार्चमध्ये घेतलं, बरोबर, आणि फिजिओथेरपी? "ती फेब्रुवारीपासून चालू आहे, पण गुण पाण्यानेच आला." कावळा बसायला आणि फांदी तुटायला, काय बोलणार, लाख-दीड लाख घातलेत, गुण यायलाच पाहिजे.

सगळ्यात मागच्या पानावर मात्र इंग्रजीत बारीक अक्षरात होतं की हे उत्पादन कुठल्याही रोगाच्या उपचारासाठी नाही. तोंडाने कॅन्सर, कागदावर काही नाही. औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा आहे, डायबेटिस-कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करता येत नाही, त्यामुळे जे लिहिता येत नाही ते सोफ्यावर बसून बोलतात.

एवढं सगळं होऊनही ट्रायल घेतली. ह्यांचा हट्ट. आणि खरं सांगू का, मलाही वाटलं होतं की काहीतरी असेल. मशीनबद्दल प्रामाणिकपणे: दिसायला छान, ओट्यावर जागा फार खातं, चालू असताना आवाज नाही, पाण्याची चव मऊ लागते, चहाला रंग पटकन येतो, हरभरे लवकर शिजले (सोडा टाकल्यावर शिजतात तसेच). एका नळीतून सतत ॲसिडिक पाणी बाहेर पडतं ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरलं. फिटिंगला आलेला माणूस मात्र एक नंबर, ओटा पुसून गेला.

ह्यांची ॲसिडिटी तिसऱ्या दिवशी थांबली. घरात जल्लोष. मी त्यांना न सांगता सहाव्या दिवसापासून त्यांची ऑफिसची बाटली साध्या उकळलेल्या पाण्याने भरायला लागले. दहाव्या दिवशीसुद्धा ॲसिडिटी नव्हती आणि ते ऑफिसात मशीनची जाहिरात करत होते. त्याच पंधरवड्यात त्यांनी रात्री साडेदहाला जेवणं सोडून आठला जेवायला सुरुवात केली होती, कारण मशीनवाल्याच्या डाएट चार्टमध्ये तसं होतं. आता हा एका माणसावरचा पाच दिवसांचा प्रयोग, ह्यावरून मी तरी काय मोठं सिद्ध करणार, पण १ लाख ६५ हजार वाचवायला मला पुरेसा वाटला. ह्यांना सांगितल्यावर दोन दिवस बोलत नव्हते.

दरम्यान आईंनी त्यांचं चालू ठेवलं होतं. ओटीची बाटली मागवली आणि रोज सकाळी दोन ठिकाणी थेंब, एकदा खाली कॉर्पोरेशनच्या लाइनवर, एकदा आमच्या किचनच्या नळावर. खाली पिवळं, वर पांढरंफटक. पाच दिवस तेच. मग दोन्हीकडचे नमुने लॅबला दिले, त्यांच्याच निर्जंतुक बाटलीत, बाटली विसळायची नाही (आत क्लोरीन मारायचं औषध असतं), नळाचं तोंड लायटरने भाजून, थोडं पाणी वाहू देऊन मग भरायचं आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. वरच्या नळाच्या पाण्यात कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण मानतात ते जंतू) निघाले. खालच्यात नाहीत. म्हणजे लफडं आमच्या टाकीत. दीड लाखाच्या मशीनच्या डेमोत पाच टेस्ट झाल्या, त्यातली एकही जंतूंची नव्हती.

सेक्रेटरींना रिपोर्ट दाखवला, त्यांनी आधी "आजी, काही होत नाही, पुणेकरांचं पोट दगडाचं" केलं, मग रिपोर्ट परत वाचला आणि त्या रविवारी टाकी उघडली. तळाला बोटभर गाळ आणि झाकणाची एक कड तुटलेली. धुऊन, ब्लीचिंग करून, झाकण बदलून प्रत्येक फ्लॅटमागे साडेतीनशे रुपये आले. टँकर आला की आता वॉचमन टीसीएल टाकतो आणि आई वर थेंब बघतात, पिवळं झालं की सोसायटीच्या ग्रुपवर पिवळ्या ग्लासचा फोटो. काही लोक वैतागलेत रोज फोटो बघून.

तर रेटिंग. डेमोला पाच पैकी पाच, टाइमिंग जबरदस्त, मुलांना घेऊन बघा, सायन्सचा आख्खा धडा होतो. मशीनला दोन, चव आणि हरभऱ्यांसाठी. सर्व्हिसला तीन होते, एक काढून घेतला, कारण मशीन परत नेऊन तीन आठवडे झाले तरी डिपॉझिट पूर्ण आलेलं नाही, ८०० रुपये कापलेत, "कार्ट्रिज ४० टक्के वापरलं गेलं" म्हणून. ४० टक्के कशावरून मोजलं ते लेखी द्या असा मेल टाकलाय. उत्तर आलं की इथेच अपडेट करते.